सायकल मोजणारा खांब आणि ‘आधीचा आकडा’

अमेरिकेतल्या सिएटल शहरात फ्रीमाँट नावाचा एक पूल आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्या पुलाजवळ एक उंच खांब उभा राहिला. पुलावरून सायकल गेली की खांबावरचा आकडा एकाने वाढायचा. आज किती सायकली गेल्या आणि या वर्षात आत्तापर्यंत किती गेल्या, हे दोन्ही येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायचं. कल्पना अशी, की आपली नोंद होतेय हे पाहून सायकलवाल्याला बरं वाटेल आणि बसमध्ये बसलेल्या माणसाला वाटेल, ‘अरे, एवढे लोक जातात? मग आपणही जाऊन बघू.’

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: ‘रस्त्याकडेच्या अशा फलकांमुळे सायकलींचा वापर वाढतो, हे अनेक शहरांत दिसून आले आहे.’ आमच्या मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात तीनच शब्द लिहिले: ‘आधीचा आकडा कुठंय?’

मला वाटलं, दोन दिवसांत शोधून देईन. चार महिने गेले. त्या चार महिन्यांत जे हाती लागलं ते आज सांगतेय. विषय सायकलींचा आहे, पण तुमचा विषय कुठलाही असला तरी हा प्रश्न तुम्हालाही कधी ना कधी विचारला जाणार आहे.

मोजणी सुरू झाली ती कुणासाठी?

रस्त्यावरून किती वाहनं जातात हे कळण्याची गरज आधी पडली ती रस्ते बांधणाऱ्यांना. रुंदी किती ठेवायची, थर किती जाड टाकायचा, सिग्नल कुठे लावायचा, हे सगळं त्या आकड्यावर ठरतं. सर्वांत साधी पद्धत म्हणजे चौकात माणूस बसवायचा. तो चार उभ्या रेघा मारतो, पाचवी आडवी मारतो आणि जुडी बांधतो. आपल्याकडच्या वाहतूक गणनेत ही पद्धत कित्येक वर्षं चालली.

मग यंत्रं आली. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकायची. चाक गेलं की आतली हवा दाबली जाते आणि टोकाला लावलेला स्विच एक टिचकी नोंदवतो. १९२८ मध्ये बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर या संशोधकाने तर असा सिग्नल बसवला, की गाडीवाल्याने हॉर्न वाजवला की खांबावरचा मायक्रोफोन तो ऐकायचा आणि दिवा बदलायचा. (हा सिग्नल आपल्या एखाद्या चौकात लावला तर काय होईल, याचा विचार मी बराच वेळ करत बसले होते.) १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी आली, ज्यांना इंडक्टिव्ह लूप म्हणतात. आजही जगभर तीच सर्वांत जास्त दिसतात.

या सगळ्या खटाटोपात मध्यभागी होती मोटार. मग सायकलीचं काय? तिचीही मोजणी व्हायची, पण मोटारीच्या मापाने. रस्त्याची क्षमता काढताना वाहतूक अभियंते ‘पॅसेंजर कार युनिट’ म्हणजे पीसीयू हे एकक वापरतात. रस्त्यावरची सगळी वाहनं ‘किती मोटारींइतकी’ आहेत, हे त्यातून काढतात. इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० सालची ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेची मार्गदर्शिका, आयआरसी ६४, उघडून बघा. त्यात मोटार १, ट्रक किंवा बस ३, सायकल ०.५ आणि बैलगाडी चक्क ८!

बैलगाडी आठ मोटारींएवढी कशी, असं तुम्हाला वाटेल. त्या तक्त्यात किती माणसं किंवा किती माल जातो हे मोजलेलंच नाही. एखादं वाहन बाकीच्या वाहतुकीची जागा किती अडवतं, हे त्यात मोजलंय. बैलगाडी हळू चालते म्हणून आठ, सायकल कमी जागा घेते म्हणून अर्धी. स्कूटरही अर्धीच. क्षमता काढायला हे एकक योग्य आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. पण ‘आपल्याकडे सायकली खूप होत्या’ किंवा ‘कमी झाल्या’ असं म्हणताना तुम्ही जर जुना पीसीयूचा एकत्रित आकडा वापरला, तर त्यात सायकलवाला माणूस शोधून सापडणार नाही. तो अर्धी मोटार होऊन बेरजेत विरघळलेला असतो.

हा माझ्यासाठी पहिला धडा होता. आकडा हातात घेतला की तो कुणी आणि कुठल्या कामासाठी मोजला होता, हे आधी विचारायचं.

लूपला सायकल कळते कशी?

थोडं भौतिकशास्त्र करू, बारावीपर्यंतचं पुरे आहे. रस्त्यात खाच पाडून तारेचे काही वेढे पुरतात आणि त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडतात, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा. त्यामुळे वर बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. धातूची वस्तू त्या क्षेत्रात आली की तिच्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह सुरू होतात, ज्यांना आपण एडी करंट म्हणतो. लेन्झचा नियम आठवा. हे प्रवाह मूळ क्षेत्राला विरोध करतात, वेटोळ्याचा इंडक्टन्स किंचित घटतो आणि सर्किटची वारंवारता किंचित वाढते. यंत्र हीच ‘किंचित वाढ’ पकडतं.

लोकांना वाटतं की लूप वजन ओळखतो, किंवा लोखंड ओळखतो. दोन्ही चूक. ॲल्युमिनियमची रिमही चालते, कारण ती वीजवाहक धातूची बंद कडी आहे. अडचण एवढीच, की मोटारीच्या मानाने सायकलीचा परिणाम फार बारीक असतो. मोटारींसाठी लावलेल्या लूपला सायकल बहुतेकदा कळतच नाही. सायकलीसाठी वेटोळ्याचा आकार बदलावा लागतो, संवेदनशीलता वाढवावी लागते आणि संकेताच्या आकारावरून हा सायकलीचाच आहे ना, हे ओळखावं लागतं. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातली इको-काउंटर ही कंपनी याच कामासाठी ओळखली जाते. सिएटलच्या पुलावरही दोन्ही बाजूंच्या मार्गिकांमध्ये असे लूप पुरलेले आहेत.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. लूप माणूस मोजत नाही, तो ‘जाणं’ मोजतो. मी सकाळी ऑफिसला गेले आणि संध्याकाळी परत आले तर मी दोन झाले. दोघं अगदी शेजारीशेजारी गेले तर कधीकधी दोघांचा एक होतो. फलकावर ४,००० दिसले म्हणजे ४,००० सायकलस्वार नव्हेत. बातमीत मात्र हमखास ‘सायकलस्वार’ असाच शब्द येतो.

आकडा रस्त्याकडे तोंड करतो

आता मुख्य वळण. इतकी वर्षं हा आकडा खात्याच्या फायलीत जायचा. तो उलटा फिरवून रस्त्यावरच्या माणसाला दाखवायचा, ही कल्पना युरोपात मूळ धरू लागली, त्यातही डेन्मार्कमध्ये. तिथल्या ओडेन्से शहराला १९९९ ते २००२ या काळासाठी ‘राष्ट्रीय सायकल शहर’ म्हणून निधी मिळाला. त्या प्रकल्पात सायकल मोजून आकडा दाखवणारा खांबही होता. त्याला ते सायकल-बॅरोमीटर म्हणतात. प्रकल्पाच्या शेवटी शहरातला सायकलींचा वापर सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं गेलं.

हा आकडा मिळाल्यावर मी उड्या मारत मॅडमकडे गेले. त्यांनी विचारलं, ‘अगं, त्या प्रकल्पात अजून काय काय होतं?’

परत येऊन मोजलं तर पन्नासच्या आसपास उपक्रम निघाले. सायकल मार्ग सुधारले होते, प्रचार मोहिमा झाल्या होत्या, मुलांसाठी कार्यक्रम झाले होते. एका ठिकाणी तर रस्त्याकडेला बसक्या खांबांवर पळते दिवे लावले होते. त्या दिव्यांच्या वेगाने सायकल चालवली की पुढचा सिग्नल हिरवा मिळतो. पन्नास औषधं एकदम दिली, ताप उतरला. यातल्या एका गोळीला श्रेय कसं देणार?

कोपनहेगनला गेलं की गाठ आणखी घट्ट होते. तिथे महापालिका १९७० पासून शहराच्या मध्यभागात माणसं बसवून मोजणी करत आली आहे. १९७० मध्ये दिवसाला सुमारे साडेतीन लाख मोटारी आणि एक लाख सायकली होत्या. २०१६ मध्ये सायकली सुमारे २ लाख ६५ हजार आणि मोटारी सुमारे २ लाख ५२ हजार. सायकली पहिल्यांदाच पुढे गेल्या म्हणून ही बातमी जगभर छापून आली. शहरातला पहिला इलेक्ट्रॉनिक सायकल काउंटर टाउन हॉलजवळ २००९ मध्ये बसला, त्यामुळे खांब आणि वाढ यांची सांगड घालायचा मोह होतो.

पण तारखा एका ओळीत मांडून बघा. १९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्कमध्ये रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या. त्यानंतर सायकलवाल्यांची मोठमोठी निदर्शनं झाली आणि वर्षानुवर्षं मार्ग बांधले गेले. न्योरेब्रोगेड हा गजबजलेला रस्ता घ्या. तिथे ताशी २० किलोमीटरने सायकल चालवणाऱ्याला सलग हिरवे सिग्नल मिळतील अशी व्यवस्था २००९ च्या आधीच झाली होती. ऑक्टोबर २००८ पासून त्या रस्त्यावरची आरपार मोटार वाहतूक प्रयोग म्हणून बंद केली गेली. फलक आला तेव्हा चढ कधीचाच सुरू झालेला होता. संख्याशास्त्रात अशा सोबतच्या कारणांना कन्फाउंडर म्हणतात. मी त्यांना लग्नाच्या वरातीतले पाहुणे म्हणते. नवरदेव कोण हे बाहेरच्याला कळतच नाही.

डेटाचा जन्म आणि फलकाचा जन्म एकाच दिवशी

२०१२ च्या ऑगस्टमध्ये पोर्टलंडच्या हॉथॉर्न पुलावर आणि ऑक्टोबरमध्ये सिएटलच्या फ्रीमाँट पुलावर असे खांब लागले. दोन्ही देणगीतून. पोर्टलंडमध्ये तोवर उन्हाळ्यात स्वयंसेवक संध्याकाळचे दोन तास चौकात उभे राहून सायकली मोजत. पावसातली, हिवाळ्यातली, रविवारची सायकल त्यात फारशी येतच नसे. आता बाराही महिने, तासातासाची नोंद सुरू झाली.

सिएटलने हा तासातासाचा डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवला. तिथल्या विद्यापीठातला जेक व्हँडरप्लास हा मुळात खगोलशास्त्राचा अभ्यासक. त्याने २०१४ मध्ये तो उतरवून घेतला आणि प्रश्न विचारला: सायकलिंग खरंच वाढतंय का, की फक्त हवा चांगली आहे? त्याने वार, दिवसाच्या उजेडाचे तास, तापमान आणि पाऊस यांचा परिणाम प्रतिमानातून वेगळा काढला. तरी थोडी वाढ उरली. पुढे हाच डेटा त्याच्या पायथॉनवरच्या पुस्तकात आला. तुमच्यापैकी कुणी डेटा सायन्स शिकत असेल तर हा पूल तुम्ही न जाता ओलांडलेला असेल.

आता मॅडमचा प्रश्न इथे लावून बघा. वाढ आहे, हवामान बाजूला काढलंय, छान. पण ती वाढ फलकामुळे, असं म्हणता येईल? नाही. कारण फ्रीमाँट पुलावर लूप आणि फलक एकत्रच आले. फलक नसतानाची सलग, तासातासाची नोंद त्या जागेवर नव्हतीच. ज्या दिवसापासून डेटा आहे त्या दिवसापासून फलकही आहे. ‘आधी’चा रकाना कोरा आहे आणि नंतर कितीही उत्तम प्रतिमान लावलं तरी तो भरून निघत नाही.

हे कळलं त्या दिवशी मला जरा रडूच आलं होतं. कारण हा दोष माझ्या वाचनाचा नव्हता. बहुतेक शहरांत खांब असाच बसतो. उद्घाटनाच्या दिवशी आकडा शून्यावरून सुरू होतो आणि टाळ्या पडतात.

दुसरं हॉथॉर्न

हॉथॉर्न हे नाव ऐकून मानसशास्त्रवाल्यांचे कान टवकारले असतील. पोर्टलंडच्या पुलाशी काही संबंध नाही, नावाचा निव्वळ योगायोग आहे, पण गोष्ट आपल्या कामाची आहे. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. १९२४ पासून तिथे दिव्यांचा उजेड बदलून कामगारांचं उत्पादन वाढतं का, याचे प्रयोग झाले. त्यातून पाठ्यपुस्तकांत गोष्ट आली ती अशी: उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण आपल्यावर कुणाचं तरी लक्ष आहे हे कामगारांना माहीत होतं. हाच ‘हॉथॉर्न परिणाम’. सायकल-फलकाचं समर्थन करताना तो हमखास पुढे येतो: मोजलं जातंय हे कळलं की माणूस जास्त करतो.

उजेडाच्या प्रयोगाचा मूळ डेटा हरवला असं बरीच वर्षं मानलं जायचं. स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी तो शोधून काढला आणि २०११ मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यांना काय दिसलं? दिवे बदलायचं काम रविवारी, कारखाना बंद असताना व्हायचं. मग सोमवारी उत्पादन वाढलेलं दिसायचं. पण दिवे बदलले नाहीत त्या आठवड्यांतही सोमवारी उत्पादन शनिवारपेक्षा जास्तच असायचं! दंतकथेला शोभेल असा ठळक परिणाम त्या आकड्यांत सापडला नाही.

म्हणजे नुसता ‘आधीचा आकडा’ असूनही भागत नाही. बदल न करताही तो आकडा कसा हलतो, हेही माहीत हवं. सायकलींच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. पाऊस, परीक्षा, सुट्ट्या, सण, पेट्रोलचा भाव, सगळ्यांनी तो आकडा हलतो.

छोटा आकडा काय सांगतो?

अजून एक धोका आहे, जो मला आधी सुचलाच नव्हता. २००७ मध्ये वेस्ली शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये त्यांनी जवळपास २९० घरांना त्यांचा वीजवापर आणि शेजारपाजारची सरासरी कळवली. जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण आधीच कमी वापरणाऱ्यांनी तो वाढवला! ‘अरे, बाकीचे एवढी वापरतात तर आपणच का काटकसर करायची?’ चिठ्ठीवर शाबासकीचा हसरा चेहरा काढला तेव्हा हा उलटा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला.

आता कल्पना करा, एखाद्या शहरात सायकल ट्रॅकच्या तोंडाशी फलक लावलाय आणि दुपारी तीन वाजता त्यावर आकडा आहे ३७. कोपनहेगनच्या द्रोनिंग लुईसेस पुलावर, जिथे दिवसाला हजारोंनी सायकली जातात, आकडा सांगतो की ‘इथे सगळेच जातात’. ३७ सांगतो, ‘इथे कुणीच जात नाही’. यंत्र तेच, लूप तोच, भौतिकशास्त्र तेच. संदेश उलटा. आधीच भरून वाहणाऱ्या जागी फलक चांगला दिसतो आणि म्हणून तिथेच लावला जातो. मग त्या जागेच्या गर्दीचं श्रेय फलकाला मिळतं.

मग खांब निरुपयोगी का?

मला तसं वाटत नाही. आत्तापर्यंत जे पाहिलं त्यावरून माझं मत असं झालंय: फलकाने पाहणाऱ्याला सायकलवर बसवलं, हे मी वाचलेल्या गोष्टींतून सिद्ध होत नाही. पण फलकामागच्या यंत्राने सायकलवाल्याला वर्षभराच्या नोंदीत आणलं, हे नक्की झालं. जो पूर्वी अर्धी मोटार होता, किंवा उन्हाळ्यातल्या दोन तासांपुरताच होता, तो आता पावसातल्या मंगळवारी रात्री दहा वाजताही ‘एक’ म्हणून मोजला जातो. आणि ती नोंद खुली असेल तर खात्याबाहेरचा एखादा खगोलशास्त्रज्ञही ती तपासू शकतो. रस्त्याची जागा कुणाला किती द्यायची यावर वाद होतो तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. हा परिणाम रस्त्यावर जितका आहे, त्याहून जास्त सभागृहात आणि नियोजनाच्या टेबलावर असू शकेल. तोही तपासायचाच आहे, गृहीत धरायचा नाही.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या अशा गावात उद्या कुणी असे फलक लावायचं म्हटलं, तर अभ्यास कसा आखावा? माझ्या वहीतली यादी देते.

१. लूप आधी पुरा, फलक नंतर लावा. मध्ये निदान एक पूर्ण वर्ष जाऊ द्या, म्हणजे पावसाळा, दिवाळी आणि परीक्षा सगळं ‘आधी’च्या रकान्यात येईल.

२. एकाच जागी करू नका. आठ-दहा जागी लूप पुरा आणि फलक कुठे लावायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. गर्दीची जागा बघून ठरवू नका.

३. शेजारच्या समांतर रस्त्यावरही मोजा. फलक बघायला लोक रस्ता बदलून आले, तर तो वापर वाढला नाही, फक्त सरकला.

४. वर्षातून काही दिवस माणूस बसवून मोजा आणि यंत्राशी ताडून बघा.

५. किती वाढ झाली तर ‘परिणाम आहे’ म्हणायचं आणि किती झाली तर ‘नाही’ म्हणायचं, हे डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा.

यात पैसा लागतो तो मुख्यतः लूपला. पहिल्या वर्षी फलक न लावण्याला पैसा लागत नाही, लागतो तो धीर. ज्याला उद्घाटन करायचंय त्याला ‘साहेब, एक वर्ष थांबा’ असं सांगणं सोपं नाही, हेही मला कळतं. पण ते एक वर्ष हातचं गेलं की परत मिळत नाही. आधीचा आकडा नंतर गोळा करता येत नाही.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: ‘रस्त्याकडेच्या फलकांमुळे सायकलींचा वापर वाढतो का, हे सांगण्यासाठी फलकापूर्वीची सलग नोंद आवश्यक आहे, अशी नोंद असलेल्या जागा या अभ्यासात आधी तयार केल्या जातील.’ वाक्य लांब झालंय आणि पहिल्याइतकं ऐटदारही नाही. मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. फक्त ‘किती जागा?’ असं लिहून परत पाठवलंय.